तिसऱ्या मजल्यावरचं मशीन

राजीनामा दे, असं मला कुणीही म्हणालं नाही. सगळे म्हणाले, तब्येत सांभाळ. या दोन्हींचा अर्थ एकच असतो हे कळायला मला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर जो राग आला तो अजून पुरतोय.

खांदा कॉलनीत तळमजल्याच्या घरात आम्ही दोघी राहतो, आई आणि मी. नोकरी तळोज्याला, कारखान्यांतल्या पाइपांची रचना करून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत. रसायनांच्या कारखान्यात पाइप तापतात, लांबतात, वाकतात. आधार कुठे द्यायचा आणि वळण कुठे घ्यायचं हे आधीच काढून ठेवलं नाही तर एखादा जोड फाटतो आणि खाली उभा असलेला माणूस भाजतो. हे गणित करणारा एक प्रोग्रॅम आमच्याकडे होता, आणि तो फक्त एका युनिक्स मशीनवर चालायचा. मशीन तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या खोलीत. इमारतीला लिफ्ट नव्हती. मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण मी रोज जिने चढत होते.

मग गोव्याच्या रस्त्यावर, शिरढोणच्या अलीकडे, कंटेनरच्या एका ट्रेलरने माझी स्कूटर उडवली. मणका दुखावला आणि चालणं संपलं. याबद्दल मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही. ज्यांना ऐकायचं असतं त्यांना नेमकं तेवढंच ऐकायचं असतं, आणि मला त्या लोकांचा कंटाळा आहे.

हॉस्पिटल, व्यायाम, चाकाची खुर्ची हे सगळं अंगवळणी पडल्यावर मी एक दिवस रिक्षा करून ऑफिसला गेले. फाटकावरचे वॉचमनकाका तळोज्याजवळच्याच एका आगरी गावचे. त्यांनी मला पाहिलं, डोळे पुसले आणि दोन हमालांना हाक मारली. मग तिघांनी मिळून मला खुर्चीसकट उचलून तिसऱ्या मजल्यापर्यंत नेलं. वरती लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांइतकं वाईट मला ट्रेलरखालीही वाटलं नव्हतं. काका धापा टाकत होते, हमाल घामाघूम झाले होते आणि मी वर बसून विसर्जनाला देवी नेतात तशी हलत होते. दिवसभर मी पाणी प्यायले नाही, कारण प्यायले असते तर पुन्हा कुणाला तरी हाक मारावी लागली असती.

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते, हीच खरी अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. हे गोड बोलून काटा काढणारे. म्हणाले, हे रोज कसं जमणार, लोकांना त्रास, तुलाही त्रास, कंपनी तुझं सगळं नीट करून देईल, तू आता आराम कर. मी म्हटलं की मला तिसऱ्या मजल्याची गरजच नाही. काम मशीन करतं, मी फक्त त्याच्या पडद्याकडे बघून त्याला सांगते. तो पडदा माझ्या घरच्या पीसीवर आला तर मशीन वर राहील, मी खाली राहीन, कुणाला उचलावं लागणार नाही.

साहेबांना पाइप कळायचे, कॉम्प्युटर नाही. त्यांना वाटलं मी दुःखाने बरळते आहे. तरीही एक दिवस ठरला, पुढच्या आठवड्यातला बुधवार. सकाळी मला एका गरम तेलाच्या लाइनचं काम द्यायचं, संध्याकाळपर्यंत मी घरून उत्तर पाठवायचं. जमलं तर पुढचं बघू. नाही जमलं तर मानाने निरोप घ्यायचा. घोडामैदान जवळच आहे, असं म्हणून मी तो दिवस कबूल केला. आम्हा दोघांपैकी कुणीही कॅलेंडर पाहिलं नाही.

मला मदत करणारा एकच माणूस होता, आमच्या ऑफिसातली सिस्टीम सांभाळणारा. पनवेलच्या कोकणी मुसलमान घरातला, माझ्याच वयाचा, वडील आयुष्यभर कुवेतला. बाहेरून मशीनपर्यंत यायला एक कुलूपबंद वाट त्याने साहेबांच्या परवानगीने उघडून दिली आणि एक सीडी घरी पाठवली. तिच्यात ते सॉफ्टवेअर होतं ज्याच्यामुळे साध्या विंडोजच्या पीसीवर युनिक्सच्या खिडक्या उघडतात.

ते बसवायला मला चार-दोन दिवस लागले, आणि त्या दिवसांत माझी जीभ फार बिघडली. आईने देवघराचं दार लावून घ्यायला सुरुवात केली होती. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा सगळा पडदा करडा झाला आणि मधोमध एक काळी फुली आली. बाकी काही नाही. आईला वाटलं पीसी बिघडला. मी मात्र त्या फुलीकडे बघून हसले, कारण याचा अर्थ घर तयार झालं, पाहुणा यायचा बाकी आहे. या सॉफ्टवेअरची पद्धतच अशी. यजमान माझा पीसी. लांबचं ते एवढं मोठं मशीन पाहुणा. पडद्यावर जागा द्यायची की नाही हे यजमान ठरवतो. अपघातानंतर पहिल्यांदा कुणी मला विचारून आत येणार होतं.

पाहुणा मात्र नखरेल निघाला. आधी अक्षरांवरून रुसला, त्याला हवे ते फॉन्ट माझ्याकडे नव्हते आणि बटणांवर नुसते चौकोन दिसत होते. ते आणून दिले तर रंगांवरून. प्रोग्रॅम जुना, त्याला मोजकेच रंग समजायचे आणि माझा पीसी लाखो रंग दाखवण्याच्या तोऱ्यात. खिडकी उघडायची आणि लगेच मिटायची. शेवटी मी पीसीचे रंग इतके कमी केले की पडद्यावरचा गणपतीचा फोटो उन्हात राहिलेल्या कॅलेंडरसारखा दिसायला लागला. आईला ते आवडलं नाही. प्रोग्रॅमला आवडलं. खिडकी उघडली आणि उघडीच राहिली. फोनच्या तारेवरून येत होती म्हणून हळू हलायची, पण हलायची. मी आईला हाक मारली आणि तिला तिसरा मजला दाखवला. ती म्हणाली, यात तर नुसत्या रेघा आहेत. मी म्हटलं, याच रेघांचा पगार मिळतो.

बुधवार उजाडला. आई सकाळीच म्हणाली, आज नवमी आहे, मशीनला हात लावू नकोस, संध्याकाळी हळदकुंकू वाहायचंय. मी तिच्यावर खेकसले. माझी नोकरी टांगणीला आणि हिला हळदकुंकू सुचतंय. साहेबांनी कबूल केल्याप्रमाणे लाइनची माहिती पाठवली. मी खिडकी उघडली, पाइप मांडले, तापमान भरलं, पहिलं गणित लावलं. आकडे फिरू लागले. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी जेवायलाही उठले नाही.

दुपारी खिडकी गेली. कसलाही इशारा नाही. पडद्यावर फक्त करडा रंग आणि ती काळी फुली. मी पुन्हा जोडायला गेले तर पलीकडून उत्तरच येईना. ऑफिसला फोन लावला, तो वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. तोच प्रकार. सिस्टीमवाल्याचा मोबाइल नुसता वाजत राहिला. साहेबांच्या टेबलावरचा फोनही कुणी उचलेना. आता मला सांगा, अशा वेळी माणसाला काय वाटेल? मला वाटलं चूक माझी. सगळं जग जागेवर आहे आणि माझंच काहीतरी बिनसलंय. तीन महिने सगळे मला हेच तर सांगत होते.

मग मी जे केलं त्याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. चांगलं चाललेलं सॉफ्टवेअर मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं आणि मुळापासून पुन्हा बसवायला घेतलं. फॉन्ट पुन्हा, रंग पुन्हा, सगळं पुन्हा. संध्याकाळ झाली, द्यायचं उत्तर गेलं नाही, आणि आई हळदकुंकवाची वाटी घेऊन दारात उभी राहिली. माझा चेहरा बघून तीही रडायला लागली. म्हणाली, जाऊ दे गं बाई, नसेल नशिबात. मी तिला म्हटलं, नशिबाचं नाव या घरात काढायचं नाही.

रोजा सोडून झाल्यावर सिस्टीमवाल्याचा फोन आला. त्याला माझे मिस्ड कॉल दिसले होते. मी त्याला कसंबसं सांगितलं की मशीन मला दिसत नाही, माझं इन्स्टॉलेशन गंडलंय. तो हळूच म्हणाला, "मॅडम, मशीन दुपारीच शटडाऊन केलं ना. आज खंडेनवमी. साहेबांनी स्वतः नारळ फोडला."

दर वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या ऑफिसात यंत्रांची पूजा होते. सगळं बंद करतात, पुसतात, झेंडूचे हार घालतात, आरती म्हणतात, पेढे वाटतात आणि लवकर घरी जातात. पूजा केलेल्या यंत्राला मग दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाही. इतकी वर्षं त्या युनिक्स मशीनला हार घालायचं काम माझ्याकडे होतं, तरी आई सकाळी नवमी म्हणाली तेव्हा मला ते आठवलं नव्हतं. आणि या वर्षी मी नव्हते म्हणून कुणाला वाटलंही नाही की या मशीनवर कुणीतरी काम करत बसलंय. ज्या माणसाने माझी परीक्षा ठेवली त्यानेच प्रश्नपत्रिकेवर नारळ फोडला होता. सिस्टीमवाला बिचारा पलीकडून सॉरी सॉरी म्हणत होता, तो म्हणे रोज्यामुळे आरतीच्या आधीच घरी निघाला होता, मशीन बंद केल्याचं त्याला संध्याकाळी कळलं. मी त्याला म्हटलं, तू रोजा सोडलास ना, आता नीट जेव. माझं भांडण तुझ्याशी नाही.

दसऱ्याला साहेब घरी आले. ते नवीन पनवेललाच राहायचे आणि जुन्या माणसांकडे सोनं द्यायला दर वर्षी जायचे. हातात आपट्याची पानं आणि पेढ्यांचा पुडा. आईने त्यांना पाणी दिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते हॉस्पिटलात बघतात तसं. म्हणाले, काल काही जमलं नाही ना, मनाला लावून घेऊ नकोस, प्रयत्न केलास हेच फार झालं.

मी म्हटलं, काल मशीन बंद होतं, साहेब. तुम्ही बंद केलंत.

त्यांना खरंच आठवत नव्हतं. नवमी वेगळ्या कप्प्यात होती आणि मी वेगळ्या. आठवल्यावर ते ओशाळले, पण लगेच सावरले. म्हणाले, बघ, हेच मी म्हणतोय. ऑफिसात असतीस तर तुला कळलं असतं. घरून हे असं व्हायचंच. हे ऐकून माझ्या डोक्यातली शीर उडायला लागली. ज्या ऑफिसात मला येऊ देत नव्हते त्याच ऑफिसात मी नव्हते हा माझाच गुन्हा.

मी त्यांना सांगितलं की मशीन आत्ता चालू करायला सांगा. ते दचकले. पूजा केलेलं यंत्र, आज सणाचा दिवस, उद्या बघू, असं म्हणू लागले. आईनेही मान हलवली. मग मी आवाज चढवला, आणि माझ्या घरात माझ्या साहेबांवर चढवला. "शस्त्रं नवमीला पुजतात ती दशमीला उचलायला, साहेब. दसऱ्याला सीमोल्लंघन असतं. आज नाही उचलायचं तर कधी उचलायचं?"

आई माझ्याकडे बघत राहिली. साहेबांनी खिशातून मोबाइल काढला. त्यांना वाटलं असेल, एकदाचं दाखवू हिला आणि सुटू.

सणाचा दिवस असूनही वॉचमनकाका ड्युटीवर होते. साहेबांनी त्यांना वर जाऊन मशीनचं बटण दाबायला सांगितलं. पलीकडून काका काहीतरी वाद घालत होते ते मला ऐकू येत होतं. साहेबांनी वैतागून फोन माझ्या हातात दिला. काका म्हणाले, "ताई, मशीनला हार घातलेला हाय. पूजा उठल्याबिगर आमी हात नाय लावत. साहेब बोलले तरी नाय." मी त्यांना म्हटलं, काका, मला त्यावर काम करायचंय, घरून, आत्ता. ते म्हणाले, "तुमी काम करणार? मंग दाबतो." जिने चढताना त्यांचा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता.

मशीन उठायला वेळ लागतो. आईने चहा केला. मी खुर्ची पीसीसमोर नेली. काल पुन्हा बसवलेलं माझं सॉफ्टवेअर चालतं की नाही हे मलाही माहीत नव्हतं, कारण पलीकडे कुणी नव्हतंच तपासायला. वाट उघडली, पासवर्ड दिला, प्रोग्रॅमला हाक मारली. पडद्यावर एक ओळ आली की डिस्प्ले उघडता येत नाही. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हळूच घड्याळ पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं की रागाच्या भरात मी माझ्याकडचं सॉफ्टवेअर चालूच केलेलं नाही. पाहुणा दाराशी उभा आणि यजमान झोपलेला. मी ते चालू केलं, पडदा करडा झाला, फुली आली. प्रोग्रॅमला पुन्हा हाक मारली.

आधी खिडकीची चौकट आली. मग बटणं एकेक करून. मग काल दुपारी अर्धवट राहिलेली ती गरम तेलाची लाइन हळूहळू रेघेरेघेने उमटली. मी गणित लावलं. पंपाजवळचा एक कोपरा लाल झाला, म्हणजे तिथे ताण जास्त. मी एक आधार उचलून पुढे सरकवला, पुन्हा गणित लावलं. लाल तसाच. मग आधाराचा नाद सोडून लाइनला एक वळण वाढवलं. आता हिरवं झालं. साहेब केव्हाच खुर्ची ओढून माझ्या शेजारी आले होते. पाइप दिसल्यावर त्यांना माझी खुर्ची दिसायची बंद झाली. ते बोट दाखवून विचारू लागले, इथे जागा आहे का वळणाला, खालून जिना जातो ना? मी म्हटलं, जिना दोन मीटर पलीकडे आहे, नकाशात बघा. ते म्हणाले, हं. कित्येक महिन्यांनी आम्ही एकमेकांशी माणसांसारखं बोललो.

मग साहेब मागे टेकले आणि प्रसन्न हसले. म्हणाले, झालं तर मग, हे उत्तमच झालं. तू घरूनच करत जा. पगार चालू राहील. "तुला ऑफिसला यायची आता गरजच नाही."

आईने हात जोडले. तिचा चेहरा असा उजळला की मला पुढे बोलवेना. मला हवं होतं ते मिळालं होतं, माझ्याच तोंडचे शब्द वापरून मिळालं होतं. आणि मला असं वाटत होतं की कुणीतरी बाहेरून कडी घालतंय. मी घरात, नीट, पगारासकट, कुणाच्याही डोळ्यांसमोर नाही. तिसऱ्या मजल्यावर डबा खाताना माझी आठवण निघेल, ती बिचारी किती हुशार म्हणून. जेवणाच्या सुट्टीतली भांडणं, नव्या नकाशावरचे वाद, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला कुठल्या साइटवर धाडलं, हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळेल किंवा कळणारच नाही. पुढच्या नवमीलाही कुणीतरी मशीन बंद करेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही की पलीकडे मी आहे.

मी म्हटलं, "गरज मशीनला नाही, साहेब. मला आहे."

त्यांना कळलं नाही. मी पडद्याकडे बोट केलं. म्हटलं, ही खिडकी पाच मैलांवर, फोनच्या तारेवरून, खांदा कॉलनीत उघडली. मग ती आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावर का नाही उघडणार? तिथे तर तारही आपली. फाटकाजवळची स्टोअरची खोली मला द्या. साहेब म्हणाले, तिथे व्हॉल्व्हची खोकी आहेत, धूळ आहे, तिथे कुणी बसत नाही. मी म्हटलं, मी बसेन. ते म्हणाले, वरून केबल ओढावी लागेल, भिंतींना भोकं पाडावी लागतील, एवढा खटाटोप, आणि घरी तुला सगळं आयतं आहे. आई मला डोळ्यांनी खुणावत होती की गप्प बस, मिळतंय ते घे.

"मला वर येता येत नाही," मी म्हटलं. "केबलला खाली येता येतं."

बाहेर कॉलनीतली पोरं पानं वाटत हिंडत होती. साहेब पडद्यावरच्या हिरव्या लाइनकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही. मग म्हणाले, स्टोअरचं बघतो. मी म्हटलं, बघतो नको, आज सण आहे, होय म्हणा. ते होय म्हणाले. स्टोअर रिकामं व्हायला दिवाळी उलटली आणि त्यासाठी मला आणखी दोनदा भांडावं लागलं, पण ते रिकामं झालं.

निघताना त्यांनी आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली, सोन्यासारखी राहा म्हणाले. आईने मागून सांगितलं की साहेबांना नमस्कार कर. मी त्यांच्या हातावर माझ्याकडचं पान ठेवलं, बरोबरीने. पाया पडणं मला शक्य नव्हतंच. शक्य असतं तरी त्या दिवशी मी पडले नसते.